माणूस बंदुकीपर्यंत पोहोचतो कसा: आसोद्याच्या मळ्यातील एक वाद

गेल्या डिसेंबरातील एका रविवारी आसोद्याच्या शिवारात, एका जुन्या मित्राच्या मळ्यात आमची दरवर्षीची भरीत पार्टी होती. बहिणाबाईंचे माहेर म्हणून हे गाव महाराष्ट्राला ठाऊक असले तरी आम्हां जळगावकरांना हिवाळ्यात ते आठवते ते तेथील हिरव्या, लांबट, कमी बियांच्या वांग्यांसाठी. वाळलेल्या तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी टाकली, की ती भाजून, सोलून, लाकडी बडगीत ठेचून होईपर्यंत दीड-दोन तास मोकळे मिळतात आणि आमच्या मंडळीत एवढा वेळ वादाला पुरेसा असतो. यंदाचा विषय महिनाभरापूर्वीच्या घटनेने दिला होता. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला आणि त्याच्या तपासात डॉक्टरी पेशातील माणसांची नावे पुढे आली. आमच्यातील डॉक्टर, ज्यांचा दवाखाना तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे चालू आहे, ते त्या बातमीने मनापासून अस्वस्थ झाले होते. लोक दहशतवादाकडे वळतात ते गरिबी आणि बेकारीमुळे, हे मत त्यांनी आयुष्यभर बाळगले होते आणि आता त्यांच्याच पेशाने त्या मताला तडा दिला होता.

मंडळीत आणखी दोघे बोलके होते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आप्पा आणि पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा माझा भाचा. आप्पांचे म्हणणे असे, की पैसा, हत्यार आणि हुकूम सीमेपलीकडून येतो, बाकी सगळी विद्वानांची बडबड आहे. भाच्याचे म्हणणे याहून सोपे होते. "मामा, तुम्ही लोक उगीच फिरवून बोलता. मारणारा स्वतः सांगतोय की मी धर्मासाठी मारतो, मग तुम्ही त्याचे ऐकत का नाही?" मी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पस्तीस वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे निवाडा मी द्यावा, अशी अपेक्षा होती. त्या दिवशी तो मला देता आला नाही. जे सुचले ते नंतर, घरी आल्यावर, म्हणून हे लिहीत आहे.

डॉक्टरांच्या मताला उत्तर देणे तुलनेने सोपे आहे. ओसामा बिन लादेन हा सौदी अरेबियातील अतिश्रीमंत बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा होता आणि त्याचा जोडीदार अल-जवाहिरी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील विमानचालकांचा म्होरक्या मोहम्मद अत्ता याने जर्मनीत नगररचनेचे उच्च शिक्षण घेतले होते. १ जुलै २०१६ रोजी ढाक्यातील होली आर्टिझन उपाहारगृहात ओलिसांना ठार करणाऱ्यांत नामांकित शाळांत शिकलेले, खात्यापित्या घरांतील तरुण होते. २०१९ च्या ईस्टरच्या दिवशी श्रीलंकेत जे आत्मघाती स्फोट झाले, त्यांत कोलंबोतील एका धनाढ्य मसाले व्यापाऱ्याचे दोन मुलगे होते. जगातील बहुसंख्य गरीब माणसे जन्मभर कोणाला दगडही मारत नाहीत, हे तर डॉक्टरांना त्यांच्याच दवाखान्याबाहेरील बाकावर रोज दिसत आले आहे.

तरीही त्यांच्या मताला आमच्या मातीत एक जुना आधार आहे. १८१८ नंतर कंपनी सरकारला खानदेशातील भिल्लांचे उठाव शस्त्राने आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि तिचे ठाणे धरणगावी बसवले. पगार, गणवेश आणि मान दिला, की हा माणूस लढायचा थांबतो, असा तो हिशेब होता आणि काही काळ तो जमलाही. परंतु सेंधव्याच्या घाटाच्या राखणीला सरकारनेच नेमलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच सरकारवर उलटला. खाज्या नाईक आमच्याकडे स्वातंत्र्ययोद्धा आहे आणि त्याची तुलना बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्यांशी करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. सांगायचे आहे ते इतकेच, की भाकरीचा प्रश्न सुटला म्हणजे माणसाचे सगळे हिशेब मिटतात, हा समज दोनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांचाही होता.

तेथे भाच्याने अपेक्षेप्रमाणे चिमठाणे काढले. १९४४ साली डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आदी क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, त्यांना इंग्रजांनी काय म्हटले असेल, असा त्याचा प्रश्न. माझ्या मते येथे गोंधळाचे कारण नाही. त्यांचे लक्ष्य सरकारचा खजिना होता. बाजाराला, आगगाडीला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला घाबरवून सोडणे हा त्यांचा मार्ग नव्हता. निःशस्त्र, असंबंधित माणसांना मारून तिसऱ्यालाच संदेश देणे ही ज्याची रीत, तो दहशतवाद, एवढी व्याख्या मला कामापुरती पुरते.

भाच्याचे मूळ म्हणणे मात्र सहज उडवून लावण्यासारखे नाही. त्याला मी प्रथम नेहमीची उदाहरणे दिली. आत्मघाती हल्ल्यांचे तंत्र ज्यांनी पद्धतशीर विकसित केले, त्या तमिळ वाघांचे ध्येय स्वतंत्र तमिळ राष्ट्र हे होते. त्यांच्यात बहुसंख्य जन्माने हिंदू आणि काही ख्रिस्ती होते, आणि गळ्यात सायनाइडची कुपी घालून फिरणाऱ्या त्या मुलामुलींना कोणी स्वर्गाचे आमिष दाखवले नव्हते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींना हार घालायला पुढे आलेली तरुणी त्यांचीच होती. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ जणांना मारणारा ब्रेव्हिक हा गोऱ्या युरोपच्या रक्षणाची भाषा बोलत होता, तर २३ जून १९८५ रोजी कनिष्क विमानातील ३२९ जणांचा बळी गेला तो खलिस्तानच्या नावाने. म्हणजे धर्म बदलतो, ध्येय बदलते, कधी धर्म नसतोच आणि तरी कृती एकमेकींना ओळखू येतील इतक्या सारख्या असतात.

ही यादी म्हणून दाखवताना मला बरे वाटत होते, हे कबूल करतो. पण यादीने भाच्याचा मुद्दा खोडला जात नाही. २०१४ च्या जूनमध्ये 'इस्लामिक स्टेट' या संघटनेने इराक आणि सीरियात 'खिलाफती'ची घोषणा केली, तेव्हा डझनावारी देशांतून तरुण तेथे गेले. त्यांना कोणी जमीन किंवा स्वतंत्र प्रांत देऊ केला नव्हता, त्यांना ओढले ते एका धार्मिक स्वप्नाने. शत्रू कोणाला म्हणायचे, मरणाचा अर्थ काय लावायचा आणि कोणत्या गोष्टीवर तडजोड म्हणजे पाप, हे तीनही प्रश्न धर्म ठरवू शकतो, आणि ज्या चळवळीची मागणी ईश्वराच्या नावाने असते, तिच्याशी वाटाघाट करणे अवघड जाते. उलट बाजूने पाहावे, तर शिकवण हेच एकमेव कारण असते, तर कोट्यवधी मुसलमान असलेल्या भारतातून तिकडे गेलेल्यांची संख्या नगण्य आणि चिमुकल्या ट्युनिशियातून गेलेल्यांची काही हजार, असे का झाले असते?

फ्रान्समध्ये २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर हाच वाद जिल केपेल आणि ऑलिव्हिए रॉय या दोन नामवंत अभ्यासकांत इतका पेटला की तो वर्तमानपत्रांच्या पानांवर आला. धर्मातील एक कट्टर प्रवाह बळावला आणि त्यातून हिंसा आली, असे केपेल यांचे प्रतिपादन. हिंसेकडे ओढलेली, घरादाराशी आणि भूतकाळाशी नाते तोडलेली पिढी आधीपासून होतीच, तिने त्या काळी उपलब्ध असलेला झेंडा उचलला, असे रॉय यांचे. पन्नास वर्षांपूर्वी त्याच वृत्तीच्या तरुणाने लाल झेंडा उचलला असता, हा रॉय यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला स्वतःला रॉय अधिक पटतात, मात्र झेंडा कोणता आहे याने पुढे बराच फरक पडतो, एवढे केपेल यांना द्यावे लागते.

आप्पा हे सगळे ऐकताना वांगी उलटी करत होते. त्यांनी विचारले, "सर, कसाबला तुम्ही या दोघांपैकी कोणाच्या खात्यात टाकणार?"

प्रश्न मर्मावर होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचे तीन थर एकमेकांवर ठेवून पाहावेत. सर्वांत वर लष्कर-ए-तय्यबा आणि तिला पोसणारी पाकिस्तानातील यंत्रणा. तिला भारताला जखमी ठेवायचे होते आणि त्यासाठी समोरासमोर युद्धाचा खर्च नको होता. मधल्या थरात दूरध्वनीवरून सूचना देणारे सूत्रधार. त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले आणि जगाने ऐकले, आणि ते एखाद्या कामावरच्या मुकादमासारखे वाटतात. सर्वांत खाली ओकारा जिल्ह्यातील फरीदकोटचा, चौथीपर्यंत शिकलेला, मजुरी करणारा मुलगा. त्याच्या कबुलीत आलेली हकीकत अशी, की तो एका मित्राबरोबर दरोडे घालायच्या बेतात होता, त्यासाठी हत्यारे हवी होती, ती चालवायला शिकवतात म्हणून दोघे त्या संघटनेच्या दारात गेले. धर्म तेथे गेल्यावर शिकवला गेला. आता या रात्रीचे 'खरे कारण' कोणते? आप्पा वरच्या थराविषयी बोलतात, डॉक्टर खालच्या, भाचा त्या दोहोंना जोडणाऱ्या शिकवणीविषयी. तिघेही खरे बोलतात आणि तिघांनाही वाटते की आपण एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहोत. चळवळ का उभी राहते, तिचे पुढारी बॉम्बचाच मार्ग का निवडतात आणि एखादा विशिष्ट माणूस तिच्यात का जातो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक चर्चा फसतात त्या पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला चिकटवल्यामुळे.

आप्पांचा मान राखायला मी एक आकडेवारी सांगितली. रँड या अमेरिकी संस्थेने २००८ मध्ये ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जे गट संपले, त्यांतील ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील होऊन संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता विभागांच्या कामामुळे, तर लष्करी बळाने संपलेले अवघे ७ टक्के. 'पोलीस' हा शब्द ऐकून आप्पांची कळी खुलली. पण त्यांच्या दृष्टीने अडचणीचा आकडा पहिला आहे. मागणी जितकी मर्यादित, तितकी समेटाची शक्यता अधिक. मिझोराममध्ये १९६६ साली बंड पुकारणारे लालडेंगा १९८६ च्या करारानंतर त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले, ते त्यामुळेच.

मध्येच कोणीतरी मालेगावचा विषय काढला आणि क्षणभर सगळे गप्प झाले. मालेगाव धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर, तेथे सोयरिकी असलेली घरे आमच्याकडे पुष्कळ. २००६ च्या स्फोटांनंतर ज्या नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केले गेले, त्यांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. म्हणजे माणसे मेली, हे निश्चित, आणि कोणी मारली, हे या दोन्ही निकालांनंतर अनुत्तरित. पण ज्या ज्या वेळी अटका झाल्या, त्या त्या वेळी हेतूवरचे अग्रलेख दुसऱ्या दिवशी तयार होते. करणारा कोण हे ठरण्याआधी त्याने का केले हे ठरलेले असते, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट आहे.

मला खरे बोलायचे होते ते शहाद्याविषयी. १९७० च्या सुमारास शहादा-तळोदा पट्ट्यात, म्हणजे तेव्हाच्या अखंड धुळे जिल्ह्यात, सशस्त्र उठावाला लागणारे सगळे साहित्य हजर होते. आदिवासींच्या जमिनी सावकारी आणि कागदांच्या खेळात गेल्या होत्या. त्याच जमिनीवर ते सालदार म्हणून राबत होते. बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या होत्या आणि त्यांचे राखणदार शेतातून जाणाऱ्या आदिवासी बाईची झडती घेण्याइतके माजले होते. १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडण्यात आल्या. मागे सातपुड्याचे जंगल, लपायला दऱ्या, आणि बंगालमधील नक्षलबाडीच्या १९६७ च्या बातम्या ताज्या. तरी बंदूक आली नाही. अंबरसिंग महाराज सर्वोदयाच्या वळणाचे, त्यांनी लोकांना मोर्चाची आणि सत्याग्रहाची सवय लावली. मागाहून आलेल्या श्रमिक संघटनेच्या तरुणांनी मार्क्स वाचला होता, पण त्यांच्या पिशवीत सातबाराचे उतारे असत. बायकांनी दारूची मडकी फोडली, मजुरीचे दर वाढले, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला आणि काही जमिनी प्रत्यक्ष परत मिळाल्या. पुढे नर्मदेकाठी मणिबेलीत आणि अक्राणीच्या गावांत घरे पाण्याखाली जाताना माणसे छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली, तेव्हाही त्यांनी हत्यार उचलले नाही. नंदुरबार जिल्हा आजही मानवी विकासाच्या मोजणीत राज्याच्या तळाला आहे.

गडचिरोलीत याहून निराळे घडले ते तेथील गोंड-माडिया माणूस अधिक रागीट होता म्हणून नव्हे. १९८० मध्ये पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी गटाची स्थापना झाली आणि त्यांची पहिली दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, नदी ओलांडून आंध्रातून तिकडे आली. बंदुकीची गरज आहे, हा निर्णय आधी झालेला होता, भूमी नंतर शोधली गेली. अन्याय दोन्हीकडे होता. संघटक वेगळे होते, आणि दाद मागायला गेलेल्या माणसासाठी कचेरीचे दार किती उघडे होते, यातही फरक होता.

शहाद्याविषयी मी एवढे ठामपणे बोलतो, कारण १९७३ च्या उन्हाळ्यात मी तेथे होतो. आदल्या वर्षीचा दुष्काळ, धुळ्याच्या वसतिगृहात पाण्याच्या बादलीसाठी रांगा. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मित्र तळोद्याकडचा. तो तिकडे शिबिराला निघाला आणि मी त्याच्याबरोबर एसटीत बसलो. एका पाड्यावर पहिल्या रात्री कंदिलाच्या उजेडात बैठक झाली. एक म्हातारा सातबाराचा घडी पडलेला कागद दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसला होता. वाचून दाखवायला मी हात पुढे केला तेव्हा त्याने तो देताना आधी माझ्याकडे नव्हे, माझ्या मित्राकडे पाहिले. मित्राने मान हलवली, मग कागद माझ्या हातात आला. तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा मी शोषण, वर्ग, संघर्ष हे शब्द अस्खलित वापरत होतो. जाताना मला त्यांतील एकही नीट कळत नव्हता. त्या मित्राची वाट शहाद्याऐवजी आणखी कोठे जात असती, तर एकोणीस वर्षांचा मी त्या एसटीतून उतरलो असतो, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी जागतिक जिहादी जाळ्यातील १७२ जणांची माहिती जमवली, तेव्हा त्यांना आढळले की सुमारे दोन तृतीयांश जण आधीच्या मैत्रीतून आणि आणखी काही नातेसंबंधांतून आत आले होते. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या तांड्याबरोबर इराकला गेले आणि तेथून पुढे बेपत्ता झाले. ते चार वेगवेगळ्या विचारप्रक्रियांतून एकाच दिवशी तेथे पोहोचले नव्हते. ते एकमेकांना ओळखत होते. आधी माणूस येतो, मग गट, मग गटाची भाषा, आणि पोलिसांना किंवा कॅमेऱ्याला सांगितले जाते ते त्या शिकलेल्या भाषेत.

भाच्याने यावर योग्य हरकत घेतली. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ रोजी मशिदींत ५१ जणांना मारणारा एकटाच होता, त्याचा खाटेशेजारचा मित्र कोठे होता? मी म्हणालो, की त्याने ते हत्याकांड फेसबुकवरून थेट दाखवले आणि आधी आपले निवेदन टाकले, ते कोणासाठी? ज्या अनोळखी मंडळींत तो रात्ररात्र रमत होता, त्यांच्या शाबासकीसाठी. भाच्याला हे पुरते पटले नाही आणि मलाही ते पुरते बसत नाही. पडद्यावरची शाबासकी आणि एसटीतील शेजार एकाच मापाने मोजता येतात का, हे त्याच्या पिढीने ठरवायचे आहे.

एवढ्यात मळेवाले ओरडले, "सर, वाद मंग घाला भो, वांगे जळून ऱ्हायले!" खरोखरच एका बाजूची चार वांगी कोळसा झाली होती. उरलेली सोलली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे पडले, कळण्याच्या पुऱ्या आल्या आणि वाद संपला.

घरी आल्यावर चार दिवसांनी मी त्या वसतिगृहातील मित्राला फोन केला. तो आता शहाद्यात असतो, गुडघ्यांनी बेजार आहे. इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, की त्या उन्हाळ्यात तू शिबिराला का निघालास. तो हसला. म्हणाला, त्याचा बेत सुटीत मामाच्या गावी जायचा होता. वर्तमानपत्रातील शहाद्याची बातमी मोठ्याने वाचून दाखवून 'चल, जाऊन पाहू' म्हणणारा मी होतो आणि एसटीच्या तिकिटाचे पैसेही मीच दिले होते. मला यातील काहीच आठवत नाही. त्या म्हाताऱ्याने कागद देण्याआधी कोणाकडे पाहिले, हे विचारायचे माझ्या ओठांवर होते. ते मी विचारले नाही.